मका वास सोडून लष्करी अळीचे शत्रू बोलावतो, हे शेतात कितपत कामाचं?

पोंगा_पाहणी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. खरीप मका आहे, दोन एकर, मध्यम काळी जमीन, एका बाजूला ऊस. दरवर्षी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) लष्करी अळी दिसते. शेतकरी गटात सध्या एक चर्चा चालू आहे: पिकाला अळी लागली की ते हवेत काही रसायनं सोडतं, त्या वासावर परोपजीवी गांधीलमाश्या (किडीच्या अंगात किंवा अंड्यात आपली अंडी घालणाऱ्या) येतात आणि अळी संपवतात. यावरून तीन प्रश्न निघालेत.

पहिला, हे सिद्ध झालेलं आहे की नुसतं ऐकीव? असेल तर मका नेमकं काय सोडतो आणि अळी लागल्यावर किती वेळाने?

दुसरा, गटातल्या एकाचं म्हणणं आहे की झाडाच्या त्या वासात मिथाईल सॅलिसिलेट असतं आणि गंधपुरा तेल म्हणजे जवळजवळ तेच, मग पंपात थोडं गंधपुरा टाकून फवारलं तर मित्रकीटक येतील. कडेने झेंडू लावायचाही सल्ला आहे. यात किती अर्थ आहे?

तिसरा, कृषी विद्यालयाच्या मुलांना हे डोळ्यांनी दाखवायचं असेल तर स्वस्तातला प्रयोग कोणता?

---

रानगंध:

सिद्ध आहे, आणि योगायोगाने यातलं सगळ्यात जुनं आणि पक्कं काम मक्यावरचंच आहे. १९९० मध्ये टर्लिंग्स, टमलिन्सन आणि लुईस या अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की अळीने खाल्लेलं मक्याचं रोप टर्पिन गटातली रसायनं सोडतं आणि कोटेशिया जातीची मादी गांधीलमाशी त्या वासाचा माग काढत रोपापर्यंत पोचते. नुसतं ब्लेडने ओरखडलेलं रोप तेवढा वास सोडत नाही. ओरखड्यावर अळीच्या तोंडातला स्राव लावला तर मात्र सोडतं. त्या स्रावातलं कळीचं रसायन १९९७ मध्ये वेगळं केलं गेलं, नाव व्हॉलिसिटिन. म्हणजे पान विळ्याने कापलंय की अळीने चावलंय, हा फरक झाडाला कळतो.

आता वेळेचं. दोन टप्पे असतात आणि गटात बहुधा त्यांचीच गल्लत होते आहे.

पान फाटल्याबरोबर, काही सेकंदांत, पेशीच्या पडद्यातल्या लिनोलेनिक आम्लावर लायपॉक्सिजनेज हे विकर काम करतं आणि हेक्सेनाल, हेक्सेनॉल, हेक्सेनिल अ‍ॅसिटेट अशी छोटी रसायनं उडतात. कुट्टी मशीनमध्ये हिरवा चारा घातल्यावर नाकात शिरतो तो हाच वास. पण तो गारपिटीनेही येतो आणि शेळीने पान ओढलं तरी येतो. गांधीलमाशीला त्यातून एवढंच समजतं की कुठेतरी पान तुटलं.

दुसरा टप्पा काही तासांनी येतो. अळीच्या स्रावामुळे पानात जॅस्मोनिक आम्ल हे बचावाचं संप्रेरक वाढतं, त्याने जनुकं चालू होतात आणि लिनालूल, बर्गामोटीन, फार्नेसीन, इंडोल वगैरेंचं मिश्रण तयार होऊ लागतं. ते फक्त चावलेल्या पानातून नाही, तर त्याच रोपाच्या न चावलेल्या पानांतूनही सुटतं. उजेड लागतो, कारण यातल्या बऱ्याच रसायनांचा कच्चा माल त्या वेळच्या प्रकाशसंश्लेषणातून येतो. अळीने रात्री खाल्लं तर मुख्य वास उजाडल्यावर सुटतो. गांधीलमाश्याही दिवसाच फिरतात, त्यामुळे हे जुळून येतं.

शेजारच्या रोपांवरही परिणाम होतो. हेक्सेनिल अ‍ॅसिटेट आणि इंडोल पोचलं की शेजारचं रोप लगेच वास सोडायला लागत नाही, पण सावध होतं. पुढे त्याला अळी लागली तर त्याचा प्रतिसाद लवकर आणि जोरात येतो. अंतर मात्र हाताच्या टप्प्यातलं धरा. अख्ख्या प्लॉटला निरोप जातो वगैरे जे फिरतं ते सोडून द्या.

तुमच्या अळीच्या बाबतीत एक अडचण आहे, ती गटात आवर्जून सांगा. अमेरिकन लष्करी अळी मक्याचा हा वासच दाबते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तिच्याच कुळातल्या इतर अळ्यांपेक्षा तिने खाल्लेल्या मक्याने बराच कमी वास सोडला. शिवाय ती पोंग्यात खोल बसते आणि वरून विष्ठेचं बूच असतं, म्हणजे गांधीलमाशी आली तरी अळीपर्यंत पोचणं अवघड. मक्यावर फार पूर्वीपासून जगणारी कीड आहे ही, तिने तोड काढलेली असणारच. म्हणून अळीवरच्या माश्यांच्या भरवशावर राहण्यापेक्षा अंड्यावरचे परोपजीवी जास्त कामाचे.

---

बांधावरचा_नेपियर:

वरचं सगळं बरोबर, त्यात वाणाची बाजू जोडतो, कारण बियाणं घेताना तिचा विचार कोणीच करत नाही.

आपल्याकडचा ज्वारी-मक्याचा खोडकिडा, कायलो पार्टेलस, आशियातून आफ्रिकेत गेला आणि तिथे मोठी कीड झाला. केनियातल्या इसीपे या संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की काही गावरान मका वाणांवर या किड्याने नुसती अंडी घातली, अजून एकही पान खाल्लेलं नाही, तरी झाड वास बदलतं. त्या वासावर अंड्यांवरची ट्रायकोग्रामा ही बारीक गांधीलमाशी येते आणि पुढे निघणाऱ्या अळीवरची कोटेशियासुद्धा. त्याच चाचणीतल्या संकरित वाणांत हा प्रतिसाद मिळाला नाही. यावरून सगळे संकरित वाण मुके असं म्हणू नका, तपासलेले थोडेच होते. पण उत्पादनासाठी निवड करताना वासाकडे कोणी पाहिलं नाही आणि तो गुण गळत गेला, हे मक्यात आणखी एका ठिकाणी स्पष्ट दिसलं आहे. मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी लागली की युरोपातल्या अनेक वाणांची मुळं कॅरियोफायलीन सोडतात आणि त्यावर अळी मारणारे सूत्रकृमी जमिनीतून सरकत येतात. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक वाणांत हे रसायन तयारच होत नाही. २००९ मध्ये ओरेगॅनोचं जनुक घालून अशा एका वाणात ते परत आणलं, तेव्हा शेतातल्या चाचणीत मुळांचं नुकसान बरंच कमी झालं.

आता हे वाचून कोणी म्हणेल, मग सतत वास सोडणारं पीकच तयार करा. तेही करून झालंय. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्राने माव्याचा धोक्याचा इशारा देणारा वास, फार्नेसीन, सतत सोडणारा गहू तयार केला. प्रयोगशाळेत मावा त्यापासून पळाला. २०१२ आणि २०१३ च्या शेतातल्या चाचण्यांत मात्र मावा कमी झाला नाही आणि परोपजीवीही वाढले नाहीत. त्या हंगामात पाऊस-थंडीने मावा मुळातच कमी होता हे एक. दुसरं असं की खरा मावा हल्ला झाल्यावर क्षणभर वास सोडतो, अखंड नाही. दिवसरात्र घंटा वाजत राहिली तर तिच्याकडे कोण लक्ष देणार?

गंधपुऱ्याच्या फवारणीत हीच अडचण आहे. गंधपुरा तेल म्हणजे बहुतांश मिथाईल सॅलिसिलेट, हे खरं. परदेशात द्राक्ष आणि हॉप्सच्या बागांत या रसायनाची हळूहळू वास सोडणारी पाकिटं टांगतात आणि चिकट सापळ्यांत क्रायसोपा, ढालकिडे या मित्रकीटकांची संख्या वाढलेलीही दिसते. पण पाकीट कित्येक आठवडे थेंबाथेंबाने सोडतं. पंपातून मारलेलं तेल उन्हात थोड्या वेळात उडून जातं. जास्त घेतलं तर पोंग्यातली कोवळी पानं करपतात, आणि इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) नसेल तर हे तेल पाण्यापेक्षा जड असल्याने टाकीत तळाला बसतं, म्हणजे पहिल्या ओळीला नुसतं तेल आणि शेवटच्या ओळीला नुसतं पाणी. मित्रकीटक आलेच तर त्यांना तिथे खायला काहीतरी हवं. रिकाम्या बोलावण्यावर काही वेळा येतात, मग तो वास आणि भक्ष्य यांचा संबंध नाही हे शिकून येणं सोडतात. पाकिटांच्या चाचण्यांतही मित्रकीटक वाढले म्हणून कीड घटली असं दर वेळी दिसलेलं नाही. पैसे घालू नका.

---

पोंगा_पाहणी:

गंधपुऱ्याचा विषय मिटला. आफ्रिकेतली ढकल-ओढ पद्धत, म्हणजे मक्यात डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक आणि कडेने गवत, ती आपल्याकडे चालेल का? तिचंही तत्त्व वासाचंच आहे ना?

---

बांधावरचा_नेपियर:

तत्त्व तसं सांगितलं जातं: आतलं डेस्मोडियम वासाने पतंगाला ढकलतं, कडेचं गवत ओढून घेतं. ओढण्याची बाजू भक्कम आहे. अंधार पडल्यावर पहिल्या तासात नेपियर गवत हिरव्या पानाचा वास दिवसाच्या सुमारे शंभर पट सोडतं, आणि खोडकिड्याचा पतंग नेमका त्याच वेळी अंडी घालायला फिरतो. मग नेपियरमध्ये शिरणाऱ्या बऱ्याच अळ्या चिकट स्रावात अडकून मरतात. म्हणजे पतंगाला जागा आवडते, पिलांना मानवत नाही.

मांडणी अशी: मक्याच्या ओळी ७५ सेंमीवर, दोन ओळींच्या मधे डेस्मोडियमची एक ओळ, प्लॉटभोवती तीन ओळी गवत. लष्करी अळीसाठी आणि कमी पावसासाठी हिरव्या पानाचं डेस्मोडियम आणि ब्रॅकियारिया गवताचा मुलाटो-२ वाण घेतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या शेतकऱ्यांच्या शेतांवरच्या पाहणीत, नुसत्या मक्याच्या तुलनेत दर झाडामागच्या अळ्या सुमारे ८३ टक्के कमी आणि धान्य २.७ पट मिळालं.

आपल्याकडे नेमकं कुठे अडतं? डेस्मोडियमचं बी बारीक असतं, वाळूत किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून उथळ ओळीत टाकावं लागतं. पहिले दीड महिने वाढ इतकी मंद की खुरपणीला आलेल्या बायका ते तण समजून उपटून टाकतात. दोन खुरपण्या हाताने, ओळ ओळखूनच कराव्या लागतात. पुढच्या हंगामात उलटं होतं: पेरणीआधी छाटलं नाही तर मक्यावर चढतं. ते बहुवर्षायू आहे, म्हणजे नांगरट बंद आणि मक्यानंतर रब्बी ज्वारी-हरभऱ्याचा विचारही बंद. जनावरं आहेत, चारा हवाय आणि उन्हाळ्यात पाणी आहे, त्यानेच याचा विचार करावा. कोरडवाहू दोन एकरांत मी सुचवणार नाही.

---

कोष_आणि_किडे:

नेपियरदादांचं आवडलं, पण डेस्मोडियम वासाने ढकलतं हे वाक्य मी आता इतक्या खात्रीने म्हणणार नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात हिरव्या पानाच्या डेस्मोडियमचा वास शेतात मोजला, तेव्हा तो फारसा वेगळा निघाला नाही, आणि चाचणीत लष्करी अळीचे पतंगही त्याला टाळत नव्हते. त्यांना दिसलं ते वेगळंच: पानांवरच्या आकडीदार आणि चिकट केसांत कोवळ्या अळ्या अडकून जखमी होतात, मरतात. म्हणजे पद्धत चालते, कारणाबद्दल वाद आहे. शेतकऱ्याला फरक पडतो तो असा: वास हेच कारण असतं तर पर्याय म्हणून कुठलंही उग्र वासाचं पीक चाललं असतं. केस हे कारण असेल तर तुळस किंवा गवती चहा लावून डेस्मोडियमचं काम होणार नाही.

झेंडूबद्दलचा गैरसमज याच जातीचा. टोमॅटोत झेंडू लावतात तो घाटेअळीला पळवायला नाही, बोलवायला. शिफारस अशी: टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची एक ओळ, लागवडीच्या वेळी झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं. वयातला हा फरक पाळला नाही तर सगळं फसतं, कारण टोमॅटो फुलात असताना झेंडूही फुलात हवा, तरच पतंग तिकडे वळतो. आणि त्या फुलांवरची अंडी-अळी काढून नष्ट केली नाही, तर आपण शेतात किडीची नर्सरी चालवतोय. मक्यावरच्या लष्करी अळीला झेंडूने फरक पडेल असं समजायला आधार नाही.

कोबीत मोहरी लावतात त्यामागेही वासच आहे. मोहरीवर्गीय पिकं चावली गेली की गंधकयुक्त उग्र रसायनं सुटतात. मोहरी चढल्यावर डोळ्यांत पाणी आणणारं तेच. बहुतेक किडींना ते नकोसं, पण चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने त्यावर मात केली आहे आणि तो उलट त्याच वासावरून पीक शोधतो. म्हणून कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी: एक कोबीच्या लागवडीआधी १५ दिवस, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. दुसरी ओळ टाळण्याचा मोह होतो, पण पहिली वाळायला लागली की पतंग कोबीवर येतो.

तेव्हा वास बचावाचा की आमंत्रणाचा, हे नाक कोणाचं आहे त्यावर ठरतं. कीड कोणती ते आधी सांगा, मग पीक सुचवता येईल.

---

रानगंध:

तिसरा प्रश्न राहिला, प्रयोगाचा. इंग्रजी वाय आकाराची काचेची नळी लागेल. काचकाम करणाऱ्याकडून बनवून घेता येते: आतला व्यास २ सेंमी, बुंधा आणि दोन्ही फांद्या साधारण १५ सेंमी. हवेसाठी मत्स्यालयाचा पंप. हवा आधी सक्रिय कोळशातून, मग पाण्याच्या बाटलीतून न्यायची आणि प्रत्येक फांदीत मिनिटाला ४०० मिलीच्या आसपास ठेवायची.

रोपं कुंडीत १२ ते १४ दिवसांची. तीन गट करा: न छेडलेली, फक्त ओरखडलेली, ओरखडून वर अळीचा स्राव लावलेली. स्राव काढायला मोठी अळी डोक्यामागे चिमट्याने हलकेच धरा आणि तोंडाला केशनळी टेकवा, हिरवट थेंब चढतो. ओरखडा मधली शीर सोडून, पानाच्या खालच्या बाजूने, दोन जागी प्रत्येकी साधारण एक चौरस सेंमी. हे सगळं संध्याकाळी करा आणि चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी ९ नंतर. लगेच तपासलं तर ओरखडलेल्या दोन गटांत फरक दिसणार नाही आणि मुलं म्हणतील हे सगळं थोतांड आहे. कुंडीतली माती अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाका आणि रोपावर ओव्हनमध्ये वापरतात ती पॉलिएस्टर पिशवी घाला. साधं पॉलिथिन स्वतःच वास शोषतं आणि सोडतं.

गांधीलमाश्यांसाठी शेतातून परोपजीवी कोष गोळा करा. कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही हरभऱ्यावरच्या घाटेअळीची ओळखीची माशी, लष्करी अळीवरही नोंदलेली आहे. निघालेल्या माद्या नरांसोबत दोन-तीन दिवस ठेवा, कापसावर १० टक्के मधाचं पाणी द्या. चाचणीआधी मादीला अळीने खाल्लेल्या पानावर तासभर सोडा. अनुभव नसलेली मादी बऱ्याचदा नळीत नुसती बसून राहते.

एका वेळी एकच मादी. पाच मिनिटांत फांदी निवडली नाही तर मोजायची नाही. दर पाच माद्यांनंतर फांद्या अदलाबदल करा आणि नळी अ‍ॅसिटोनने धुऊन पूर्ण वाळवा. उजेड बरोबर वरून हवा. खिडकी एका बाजूला असेल तर सगळ्या तिकडेच जातील आणि निकाल खिडकीचा लागेल. निवड केलेल्या ४० माद्यांपैकी निदान २७ एकाच वासाकडे गेल्या तर फरक मानायचा. २५ विरुद्ध १५ दिसायला छान दिसतं, पण ते नशिबानेही होऊ शकतं.

---

पोंगा_पाहणी:

छान, हे मुलांना जमेल. आता दोन एकरांत, या वासाचा फायदा वाया जाऊ नये म्हणून नेमकं काय करायचं आणि काय टाळायचं?

---

कोष_आणि_किडे:

वास आपण तयार करायचा नाही, मका करतो तेवढा करू द्यायचा. आपलं काम एवढंच की वासावर येणारा कीटक शेतात जिवंत असावा आणि त्याला साखर मिळावी.

साखरेसाठी मक्यात चवळीची ओळ टाका. चवळीला फुलाबाहेरही मधुग्रंथी असतात, फुलं नसतानाही गांधीलमाश्यांना खायला मिळतं. बांधाला चार ठिकाणी धने फेका, फुलल्यावर बघा काय काय येतं त्यावर. उगवण झाली की एकरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), फक्त अंदाजासाठी. सापळ्यात ३ पतंग आले की एकरी ५०,००० परोपजीवी, ट्रायकोग्रामा प्रिटिओसम किंवा टेलेनोमस रेमस, गरजेप्रमाणे दर आठवड्याला. मिळत असेल तर टेलेनोमसच घ्या. लष्करी अळीचा अंडीपुंज थरांचा आणि वर केसांचा असतो, ट्रायकोग्रामा वरच्या थरावर अडते आणि टेलेनोमस आत जाते. ट्रायकोकार्ड (हे परोपजीवी ज्यावर चिकटवून मिळतात ते कार्ड) संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा. दुपारी वरून लावलेलं कार्ड तापतं आणि मुंग्या ते साफ करतात.

रोपावस्थेत ५ टक्के झाडांवर प्रादुर्भाव दिसला की ५ टक्के निंबोळी अर्क (५ किलो निंबोळी पूड, १०० लिटर पाणी) किंवा १५०० पीपीएम अझाडिरॅक्टिन ५ मिली प्रति लिटर, नोझल पोंग्यात रोखून. १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर रासायनिक टाळता येत नाही, पण निवड करा. क्लोरअँट्रानिलिप्रोल ०.४ मिली प्रति लिटर हे गांधीलमाश्यांना त्यातल्या त्यात सौम्य. स्पिनेटोरम अळीवर उत्तम, पण माश्यांनाही जड जातं, त्यामुळे कार्ड लावलेल्या आठवड्यात नको. आणि दुकानदार सोबत म्हणून जो सायपरमेथ्रिनचा डबा पुढे करतो, तो परत करा. पोंग्यातल्या अळीपर्यंत ते पोचत नाही, पानावर फिरणाऱ्या माश्यांना मात्र बरोबर पोचतं.

निंबोळी फवारताना पानावर करडा, काळ्या पट्ट्यांचा गांधीलमाशीचा छोटा कोष दिसला तर ते पान तोडू नका. गटातल्या मजुरांना तो आधी दाखवून ठेवा, कारण अळीचा कोष समजून तोच पहिला चिरडला जातो.